जमिनीवर काहीच उरलेले नसताना चर्च सापडते कसे?

जानेवारी 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयाने आपली दोन मोठी दालने लोकांसाठी बंद केली. दोन्ही दालनांत अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या वस्तू मांडलेल्या होत्या. त्याच महिन्यात लागू झालेल्या नव्या नियमांनुसार अशा वस्तू प्रदर्शनात ठेवण्यापूर्वी किंवा त्यांच्यावर संशोधन करण्यापूर्वी संबंधित समाजाच्या वंशजांची संमती घेणे संग्रहालयांना बंधनकारक झाले. ही बातमी आपल्याकडेही अनेकांनी वाचली आणि साहजिकच काही प्रश्न पडले. या वस्तू जमिनीतून काढल्या कोणी? कोणत्या अधिकाराने? आणि जिथे ना शिलालेख ना उभी भिंत, अशा जागी एखादे गाव किंवा चर्च होते हे इतक्या खात्रीने सांगता येते ते कशाच्या आधारावर?

हे प्रश्न समजून घेण्यासाठी याच संग्रहालयाने केलेल्या एका उत्खननाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळ सेंट कॅथरिन्स नावाचे सुमारे 16 किलोमीटर लांबीचे बेट आहे. तिथे सोळाव्या आणि सतराव्या शतकात ‘सांता कातालिना दे ग्वाले’ नावाचे स्पॅनिश मिशन होते. 1680 नंतर ते ओस पडले, जंगलाने गिळले आणि पुढची तीनशे वर्षे त्याची नेमकी जागा कोणालाही ठाऊक नव्हती. डेव्हिड हर्स्ट थॉमस या पुरातत्त्वज्ञाच्या पथकाने ती 1981 मध्ये शोधून काढली.

मिशन म्हणजे केवळ चर्च नव्हे

‘मिशन’ हा शब्द आपण शाळा आणि दवाखान्यांच्या नावांत ऐकतो. इथे त्याचा अर्थ वेगळा आहे. स्पॅनिश साम्राज्यात मिशन म्हणजे मूळ रहिवाशांच्या गावातच उभारलेले चर्च, त्यालगतचा धर्मगुरूंचा मठ, स्वयंपाकघर, विहीर, मधला चौक आणि भोवतालची वस्ती असा सगळा एकत्र संसार. धर्मगुरू एक-दोनच असत, बाकी सगळे गावकरी. गावचा मुखिया आपल्या जागी कायम राहत असे. त्याच्या संमतीवाचून मिशन चालणे जवळजवळ अशक्य होते, आणि त्या बदल्यात त्याला स्पॅनिश दरबाराकडून कापडचोपड, मणी, लोखंडी हत्यारे आणि मानमरातब मिळत असे. गावकऱ्यांवर मात्र मक्याचा पुरवठा करण्याचा आणि फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन या स्पॅनिश ठाण्यासाठी राबण्याचा भार पडे.

सेंट कॅथरिन्स बेटावर राहणाऱ्या लोकांचे नाव ग्वाले. (इंग्रजी बोलणारे पुरातत्त्वज्ञ त्याचा उच्चार ‘वाली’च्या जवळपास करतात.) 1595 मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू तिथे आले. 1597 मध्ये ग्वाले प्रदेशात मोठा उठाव झाला, त्यात पाच धर्मगुरू मारले गेले आणि मिशन जळाले. काही वर्षांनी, 1604 च्या सुमारास ते पुन्हा उभे राहिले. 1680 मध्ये इंग्रजांच्या बाजूच्या टोळ्यांनी हल्ला केला, मूठभर स्पॅनिश सैनिकांनी आणि ग्वाले बंदूकधाऱ्यांनी मठाच्या आडोशाने तो थोपवला, पण त्यानंतर ते गाव सोडून दिले गेले.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती आपल्याला हा विषय जवळचा करते. 1597 चा उठाव झाला तेव्हा स्पेनचा राजा दुसरा फिलिप होता, आणि 1580 पासून पोर्तुगालचा मुकुटही त्याच्याच डोक्यावर होता. म्हणजे ग्वालेंच्या बेटावर ज्याच्या नावाने कारभार चालत होता, त्याच राजाच्या नावाने तेव्हा गोव्याचा आणि वसईचाही कारभार चालत होता. दोन्हीकडची शासनव्यवस्था स्वतंत्र होती, हे खरे. पण वसईच्या किल्ल्यात ज्या फ्रान्सिस्कन चर्चचे अवशेष आपण पाहतो, ते त्याच पंथाचे. फरक इतकाच की वसईत बांधकाम दगडाचे होते, म्हणून ते उरले. ग्वालेंच्या बेटावर दगड नाहीच.

पडक्या भिंतींनी दिलेला चकवा

दगड नाही, मग चर्च कशाचे होते? कुडाचे. कोकणात किंवा डहाणू-जव्हारकडे कारवीच्या काठ्या उभ्या करून, आडव्या बांधून, वरून मातीचा लेप देऊन केलेली भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. ग्वाले लोकांचीही घरे अशीच होती. स्पॅनिशांनी त्यांच्याच हातांनी त्याच पद्धतीचे, पण मोठे आणि चौकोनी चर्च उभारून घेतले. काही भिंतींना पाइनच्या फळ्याही होत्या. अशी इमारत सोडून दिली, की दोन-चार पावसाळ्यांत तिचा चिखल होतो आणि मग त्यावर झाड उगवते.

मिशन शोधण्यात सुरुवातीला जी मोठी चूक झाली, ती याचमुळे. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना, वाळू आणि पाणी यांच्या मिश्रणातून बांधलेल्या मजबूत भिंतींचे पडके अवशेष जागोजागी आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भल्याभल्या अभ्यासकांनीही ते स्पॅनिश मिशनचे अवशेष म्हणून जाहीर केले. लोकांना ते पटलेही, कारण पडक्या कमानी पाहिल्या की मनात चर्चच उभे राहते. 1930 च्या दशकात नीट तपासणी झाली तेव्हा कळले, की ते एकोणिसाव्या शतकातील साखर कारखान्यांचे सांगाडे आहेत. खऱ्या मिशनचे डोळ्यांना दिसेल असे काहीच शिल्लक नव्हते. ते मातीतच शोधायला हवे होते.

अख्खे बेट कसे तपासायचे?

भाताच्या पातेल्यातील एकच शीत दाबून भात शिजला की नाही हे कळते, कारण पातेल्यातील सगळा भात सारखा असतो. बेट तसे नसते. एका ठिकाणी काहीच नसते आणि पन्नास पावलांवर अख्खे गाव असते. म्हणून थॉमस यांच्या पथकाने 1970 च्या दशकात बेटावर पूर्व-पश्चिम असे 100 मीटर रुंदीचे पट्टे आखले आणि बेटाचा सुमारे पाचवा हिस्सा पायी चालून, ठिकठिकाणी चाचणीचे खड्डे घेऊन तपासला. माणसाच्या वावराच्या सव्वाशेहून अधिक जागा सापडल्या, पण स्पॅनिश काळातील वस्तू त्यांपैकी मोजक्याच ठिकाणी मिळाल्या, आणि त्यातही बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका ओढ्याजवळच्या जागेकडे सर्वाधिक बोट दाखवले जात होते. 1950 च्या दशकात तिथे स्पॅनिश खापरे मिळाली असल्याने त्या जागेवर संशय आधीपासून होताच.

पुढची पायरी गिरमिटाची. सुतार लाकडात भोक पाडतो ते गिरमिट आठवावे. तसेच मोटरवर चालणारे मोठे गिरमिट घेऊन ठरावीक अंतरावर जमिनीत शेकडो भोके पाडली, प्रत्येक भोकातून निघालेली माती चाळणीतून चाळली आणि कोणत्या भोकातून स्पॅनिश खापराचे किती तुकडे आले ते नकाशावर टिपले. एखाद्या गावातील रुग्णांची घरे नकाशावर टिपत गेले की साथीचे मूळ कोणत्या विहिरीजवळ आहे ते दिसू लागते, तसेच इथे झाले. तुकड्यांची दाटी 100 मीटर लांब-रुंद अशा एका चौकात एकवटली. तो चौक दिसायला अगदीच सामान्य होता. ओकची झाडे, खुरटे पाम आणि बेटावर संशोधकांच्या गाड्या जाण्यासाठी केलेली एक कच्ची वाट. त्या वाटेवरून संशोधक स्वतः कितीदा तरी गेले असतील.

न खणता जमिनीखाली पाहणे

हेक्टरभर जमीन थापीने खरवडत बसायला काही वर्षे लागली असती. म्हणून 1981 मध्ये चुंबकमापक यंत्र आणले गेले. ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजते. या यंत्राच्या एका कुपीत हायड्रोजनने भरपूर असा द्रव असतो. हायड्रोजनच्या अणूतील प्रोटॉनला यंत्र क्षणभर एका दिशेला वळवते आणि सोडून देते. सोडल्यावर तो भोवऱ्यासारखा डुलू लागतो, आणि डुलण्याचा वेग त्या जागेच्या चुंबकीय क्षेत्रावर अवलंबून असतो. क्षेत्र किंचित बदलले तरी डुलणे बदलते. यंत्र धरणाऱ्याच्या पट्ट्याचे पोलादी बक्कलसुद्धा मोजणी बिघडवू शकते, इतके ते हळवे असते.

पण कुडाच्या भिंतीचा चुंबकाशी काय संबंध? लेपाच्या मातीत लोहाचे सूक्ष्म कण असतात. एरवी ते वाटेल त्या दिशांना तोंड करून पडलेले असतात, त्यामुळे त्यांचा एकत्रित परिणाम जाणवत नाही. चर्चला आग लागली, माती सहा-सातशे अंशांपर्यंत तापली, की या कणांचे आधीचे चुंबकत्व पुसले जाते. माती थंड होताना प्रत्येक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय उत्तरेकडे तोंड करून गोठतो. जत्रेच्या गर्दीत वाटेल तिकडे पाहणारी माणसे आरती सुरू होताच देवळाकडे वळावीत, तसे. अशा भाजलेल्या मातीचा ढीग जमिनीखाली असला तर यंत्राला तो वेगळा कळतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. जी आग मिशनचा घात करून गेली, तिनेच त्याचा माग शिल्लक ठेवला. मिशन शांतपणे कुजून गेले असते तर कदाचित त्याची खूणच राहिली नसती.

यंत्राने तीन ठळक जागा दाखवल्या. एका जागी खणताच लोखंडी कडे लागले, त्याखाली आणखी एक, त्याखाली आणखी एक. ती लाकडी पिंपांवर आवळलेली कडी होती, आणि तळ काढलेली पिंपे एकावर एक उतरवून केलेली ती विहीर होती. दुसऱ्या जागी जळून पडलेली भिंत होती, आणि तिच्याखाली चेपली गेलेली भांडीकुंडी: मठाचे स्वयंपाकघर. तिसऱ्या जागी चर्च.

स्वयंपाकघराच्या त्या भिंतीतील भाजक्या मातीच्या ढेकळांवर बोटांचे ठसे होते. कोणीतरी ओला लेप काठ्यांच्या जाळीत दाबताना उमटलेली बोटे. ते काम ग्वाले माणसांनीच केले असणार. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोणत्याही कागदावर नाहीत, पण त्यांच्या बोटांची रुंदी आज मोजता येते. या सगळ्या शोधातील मला सर्वांत मोलाची वाटणारी वस्तू हीच.

खणणे म्हणजे गोधडी उसवणे

उत्खनन म्हटले की फावडी आणि ढिगारे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात ते काम गोधडी उसवण्यासारखे आहे. आजीच्या गोधडीत एकाखाली एक जुन्या साड्या असतात. सगळ्यांत वरची सगळ्यांत अलीकडची. टाके काळजीपूर्वक सोडवत गेले तर कोणती साडी कोणत्या काळातली ते सांगता येते. मात्र एकदा उसवलेली गोधडी पुन्हा पहिल्यासारखी शिवता येत नाही. उत्खननाचेही तसेच आहे. थर काढला की तो कायमचा गेला. म्हणून जागेची चौकटी आखणी करायची, थापीने काही सेंटिमीटरच माती काढायची, ती चाळायची, आणि प्रत्येक गोष्ट कुठे, किती खोल आणि कशाशेजारी मिळाली ते लिहून, रेखाटून, छायाचित्र घेऊन ठेवायचे. वस्तू हाती आली पण तिची जागा नोंदवली नाही, तर ती वस्तू मुकी होते.

लाकडी खांब कुजून गेला तरी त्याची जागा कशी कळते, हे गणपतीचा मांडव पाहिलेल्या कोणालाही समजेल. मांडवासाठी खणलेल्या खड्ड्यांत नंतर माती भरली, तरी ती आजूबाजूच्या घट्ट जमिनीसारखी होत नाही. रंग वेगळा, पोत वेगळा, पावसाळ्यात तिथले गवतही वेगळे. कुजलेल्या खांबाच्या जागी असाच गडद गोल डाग राहतो. असे डाग एका ओळीत आले की ती भिंत. भिंती जोडत गेले की इमारतीचा आराखडा.

सांता कातालिनाचे चर्च अशा रीतीने कागदावर उभे राहिले: सुमारे 20 मीटर लांब आणि 11 मीटर रुंद, समोर शिंपल्यांचा थर पसरलेले चौकोनी अंगण, त्यापुढे गावचा चौक, आणि चौकाच्या पलीकडे मठ व स्वयंपाकघर. वेदीलगतच्या खोलीत, जिथे धर्मगुरू मिस्साची तयारी करीत, जळून कोळसा झालेले गहू मिळाले. ग्वाले प्रदेशात रोजचे अन्न मक्याचे. गहू बहुधा ख्रिस्तप्रसादाची भाकर करण्यासाठी जपून ठेवलेला होता.

काळ कसा ठरवायचा, हा पुढचा प्रश्न. समजा, माळ्यावरच्या बंद ट्रंकेत तळाशी दोन हजारांची गुलाबी नोट निघाली. ट्रंकेत बाकी सगळ्या वस्तू 1950 च्या असल्या, तरी ती ट्रंक नोव्हेंबर 2016 च्या आधी बंद झालेली असणे शक्य नाही. पुरातत्त्वज्ञ नेमका हाच विचार करतो. एखाद्या न हललेल्या थरातील सगळ्यांत नवी वस्तू तो थर जास्तीत जास्त किती जुना असू शकतो ते ठरवते. स्पॅनिश चकचकीत झिलईच्या भांड्यांवरील नक्षी दर काही दशकांनी बदलत गेली आणि तो क्रम इतर ठिकाणच्या पुराव्यांवरून ठाऊक आहे, म्हणून एखादे बोटभर खापरही नोटेवरच्या वर्षाचे काम करते.

चर्चच्या जमिनीखाली

गोव्याच्या जुन्या चर्चमध्ये किंवा वसईच्या किल्ल्यात फिरताना पायांखाली कोरीव अक्षरांच्या शिळा लागतात. त्या थडग्यांच्या. त्या काळातील कॅथलिक रिवाजाप्रमाणे मृतांना चर्चच्या आतच, जमिनीखाली पुरत. सांता कातालिनातही तेच झाले, फक्त वर शिळा नव्हत्या. 1982 ते 1986 या काळात क्लार्क स्पेन्सर लार्सन यांच्या देखरेखीखाली इथे किमान 431 व्यक्तींचे अवशेष नोंदवले गेले. ‘किमान’ म्हणण्याचे कारण असे, की पाऊणशे वर्षांत त्याच लहानशा जागेत पुन्हा पुन्हा खणले गेले, जुन्या कबरी नव्या कबरींनी छेदल्या आणि हाडे एकमेकांत मिसळली. अशा वेळी शरीरात एकदाच येणारे विशिष्ट हाड किंवा विशिष्ट दात मोजून, यापेक्षा कमी माणसे असूच शकत नाहीत असा आकडा काढला जातो.

हे मृत बहुतांशी ख्रिस्ती रीतीने ठेवलेले होते: पाठीवर, हात छातीवर, पाय वेदीकडे. रिवाजाप्रमाणे त्यांच्यासोबत वस्तू ठेवायच्या नसतात. इथे मात्र क्रूस, धार्मिक पदके, अंगठ्या आणि झिलईची अखंड भांडी मिळाली, शिवाय खास ग्वाले परंपरेतील वस्तूही: रॅटलस्नेक सापाची आकृती कोरलेले शिंपल्याचे गळ्यातील पदक, आणि त्यांच्या एका खेळातील घडीव दगडी चकती. आणि मणी तर जवळपास 70,000. त्यांच्या अभ्यासातून दिसले, की ते युरोपातील निरनिराळ्या केंद्रांतून तसेच चीन आणि भारतीय उपखंडातूनही आलेले होते.

या मण्यांशी थोडे थांबायला हवे. ज्या बेटाचे नाव आपल्याकडे कोणी ऐकले नसेल, त्या बेटावरच्या एखाद्या मुलाच्या किंवा म्हातारीच्या गळ्यात आपल्या बाजूच्या कारागिराने घासून गुळगुळीत केलेला मणी असू शकतो, इतके ते जग तेव्हाच जोडले गेलेले होते. स्पॅनिश धर्मगुरूंनी मृताजवळ वस्तू ठेवू दिल्या, याचा अर्थही लहान नाही. धर्मांतर म्हणजे जुने सगळे पुसून नवे लिहिणे, असे इथे झालेले दिसत नाही. ग्वालेंनी चर्चची जमीन स्वीकारली, पण आपल्या माणसाला रिकाम्या हाताने निरोप द्यायचा नाही, हे त्यांनी सोडले नाही.

हाडांतून आहार कळतो, तो कसा?

ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस ही पिके हवेतील कार्बन एका पद्धतीने घेतात. भात, गहू आणि डाळी दुसऱ्या पद्धतीने. कार्बनचे दोन टिकाऊ प्रकार निसर्गात असतात, एक थोडा हलका आणि एक थोडा जड. पहिल्या गटातील पिकांत जड कार्बनचे प्रमाण तुलनेने जास्त राहते. आपण जे खातो त्याचीच हाडे बनतात, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची भाकरी खाणाऱ्याच्या आणि केवळ भात खाणाऱ्याच्या हाडांत हा फरक उतरतो. समुद्रातील मासे खाल्ल्यानेही हे प्रमाण बदलते, म्हणून सोबत नायट्रोजनही तपासतात.

ग्वालेंच्या बाबतीत या तपासणीतून दिसले, की मिशनच्या काळात त्यांच्या आहारात मक्याचा वाटा वाढला आणि समुद्रातून मिळणाऱ्या विविध अन्नाचा कमी झाला. दातांची कीड वाढली. सांधे झिजल्याच्या खुणा आधीच्या काळापेक्षा अधिक दिसू लागल्या, आणि याचा संबंध अभ्यासक ओझी वाहण्याशी व सक्तीच्या मेहनतीशी जोडतात. स्पॅनिश कागदांत ‘इतका मका आला’ अशी नोंद असते. तो मका कोणाच्या पाठीवरून आला, ते सांध्यांत लिहिलेले असते.

कागदपत्रे असताना खणायचे कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. स्पॅनिश कारभार लिखापढीत कसलेला होता आणि 1597 च्या उठावाच्या चौकशीचे जबाबही उपलब्ध आहेत. अडचण अशी, की लिहिणारा नेहमी एकाच बाजूचा होता. उठावाची जुनी गोष्ट अशी सांगितली जाई, की एका वारसदाराला धर्मगुरूंनी दुसरी बायको करण्यास मनाई केली आणि त्यातून भडका उडाला. अलीकडच्या इतिहासकारांनी तेच दप्तर पुन्हा वाचून दाखवले, की त्यात ग्वाले मुखियांमधील सत्तास्पर्धेचा वाटा मोठा होता. जबाब घेणाऱ्यांना धर्मगुरूंचे हौतात्म्य महत्त्वाचे होते, आणि ग्वालेंचे राजकारण त्यांच्या नोंदीत ओघाने आले तेवढेच. रोज काय शिजत होते, भिंत कोणी लिंपली, मूल गेले तर आईने त्याच्याजवळ काय ठेवले, हे तर कोणी विचारलेच नाही.

शिवाय कागद आणि माती एकमेकांची परीक्षा घेतात. याचे आपल्या जवळचे उदाहरण जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठाचे. युरोप-आशियाच्या सीमेवरील जॉर्जिया देशाची (वर उल्लेखलेले अमेरिकेतील जॉर्जिया राज्य वेगळे) राणी केतेवान 1624 मध्ये इराणात मारली गेली आणि तिचे अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी गोव्यात आणले, असे पोर्तुगीज कागद सांगत होते. कागदांतील वर्णनाचा माग काढत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खणले आणि 2004 मध्ये अवशेष हाती आले. हैदराबादच्या प्रयोगशाळेत झालेल्या जनुकीय तपासणीने त्या म्हणण्याला बळ दिले. नुसता कागद असता तर ती आख्यायिका राहिली असती. नुसते हाड असते तर ते कोणाचे हे कळले नसते.

मृतांना हलवण्याचा अधिकार कोणाला?

या आक्षेपाला मात्र इतके सरळ उत्तर नाही, आणि तसे ते असल्याचा आव आणू नये. थॉमस यांच्या पथकाने कॅथलिक धर्माधिकाऱ्यांना विश्वासात घेतले होते, आणि 1984 मध्ये सॅव्हॅनाच्या बिशपनी बेटावर येऊन ती भूमी पुन्हा पवित्र करण्याचा विधी केला. पण चर्चची संमती म्हणजे ग्वालेंची संमती आहे का? 1680 नंतर ग्वाले विखुरले. काही यमासी या शेजारच्या समाजात मिसळले, काही सेंट ऑगस्टीनजवळ राहिले, आणि 1763 मध्ये स्पेनने फ्लोरिडा सोडल्यावर तिथे उरलेले मिशनचे रहिवासी स्पॅनिशांबरोबर क्युबाला गेले. आज अमेरिकेच्या संघराज्य सरकारने मान्यता दिलेला ‘ग्वाले’ नावाचा समाजच नाही. मग विचारायचे कोणाला?

सगळीकडे अशी स्थिती नाही. फ्लोरिडाची राजधानी टॅलाहासी इथे सान लुईस हे अपलाची लोकांचे मोठे मिशन होते. 1704 मध्ये इंग्रजी हल्ला होणार हे कळताच स्पॅनिशांनी आणि अपलाचींनी ते स्वतःच जाळून सोडले. त्यातील काही कुटुंबे पश्चिमेकडे गेली आणि त्यांचे वंशज आजही लुइझियानात आहेत. तिथे ‘आमच्या पूर्वजांचे काय करायचे ते आम्ही सांगू’ असे म्हणणारे कोणीतरी आहे. 1990 मध्ये अमेरिकेने मूळ रहिवाशांची थडगी आणि अवशेष यांच्या परताव्याचा कायदा केला, तो अशाच लोकांनी दीर्घकाळ धरलेल्या आग्रहामुळे. सांता कातालिनाच्या चर्चमधील उत्खनन त्याआधीचे आहे. आज ते तसेच्या तसे करता येणार नाही, आणि मला ते योग्य वाटते. ज्ञान वाढले हे खरे, पण ज्यांच्या हाडांतून ते आले त्यांच्या माणसांनी ‘नको’ म्हटले, तर ते ‘नको’ त्या ज्ञानापेक्षा वजनदार मानायला हवे.

मग सगळेच का खणून टाकले नाही?

मिशनचे स्थान सापडले, निधी होता, बेट खासगी प्रतिष्ठानाच्या ताब्यात असल्याने बांधकामाचा धोका नव्हता. तरीही चौकाभोवतीच्या ग्वाले वस्तीचा मोठा भाग मुद्दाम तसाच ठेवला गेला. कारण गोधडीचेच. 1981 मध्ये जे यंत्र आश्चर्य वाटावे इतके प्रगत होते, त्याच्या कितीतरी पट बारीक मोजणी करणारी यंत्रे पुढच्या तीस वर्षांत आली. नंतरच्या पिढीतील संशोधकांनी ती घेऊन चर्चपलीकडच्या वस्तीवर फेऱ्या मारल्या आणि घरे कुठे असावीत याचे नकाशे जमीन जवळजवळ न उकरता तयार केले. त्या घरांपैकी बहुतेक अजून मातीखालीच आहेत.